पीळ

सांवेर रोडवर, जिथं वारा फिरला की
अख्ख्या गल्लीला संत्र्याच्या इसेन्सचा वास येतो,
तिथं मी बावीस वर्षं पीळ देतो आहे.
मिनिटाला सहाशे गोळ्या.
डावीकडे वेढा, उजवीकडे वेढा,
चिमटा सुटतो, गोळी घरंगळते,
पुढची हजर.
पोरं गोळी चोखतात, कागद सोडून देतात,
त्यापुढचं मला ठाऊक नव्हतं.

येसूताईला होतं.
ती देवगुराडियाला, सुक्या कचऱ्याच्या पट्ट्यावर.
म्हणाली, बाटली उचलली तर पैसे, पुठ्ठा उचलला तर पैसे,
तुझ्या गोळीच्या कागदासाठी वाकलं
तर कमरेचं भाडं निघत नाही.
नखाएवढा तो. फटीत शिरतो, पंख्याने उडतो.
किलोभर व्हायला किती लागतात, सांग की फिटरसाहेब!
मी मनातल्या मनात भागाकार केला:
चार हजार.
माझ्या मशीनची पुरती सात मिनिटंही नाहीत.

भाऊबीजेला तिने ओवाळलं
आणि ताटात, करंजीशेजारी, एक पिशवी ठेवली.
नारंगी, जांभळे, चेपलेले, काही नाल्याच्या गाळातले,
जेवणाच्या सुट्टीत महिनाभर वेचलेले.
“तुझेच आहेत. बघ, सही ओळखतोस का.”

मी हसत हात घातला
आणि एक हिरवा हाती आला. कच्ची कैरी.
डावा पीळ अर्ध्या वेढ्याने ढिला:
तीन नंबरची मशीन, घासलेला कॅम,
मी सुटीवर होतो तेव्हाचा माल.
कैरी बंद होऊन नऊ वर्षं झाली.
गोळी विरघळली असेल चार मिनिटांत.
खाणाऱ्या पोराला आता मिसरूड फुटलं असेल.
आणि हा कागद,
धुतला तर उद्या पुन्हा गुंडाळता येईल.
ओवाळणीचं पाकीट खिशातच राहिलं माझ्या,
ताईने आठवण केली तेव्हा काढलं.

त्याच पौषात शेठजींचा नमन
कागदाचे रोल घेऊन आला. परदेशी गिऱ्हाईकाची अट.
कोकोच्या नव्या खोक्यांवर एक शेतकरी हसत होता,
हातात कापलेलं फळ.
भगवतीलाल म्हणाला, अरे भिया, याने कधी चॉकलेट खाल्लं असेल का?
कुणी उत्तर दिलं नाही, खोकी उतरवायची होती.

सहाशेला कागद टराटरा फाटला.
पाचशेला फाटला.
नमनने लॅपटॉप मिटला.
मग भगवतीलालने भंगारखोलीची किल्ली मागितली,
कोळिष्टकं झाडून एक डबा आणला:
रुंद तोंडाचे, बोथट, पितळी चिमटे,
त्याच्या उमेदवारीच्या काळातले.
“तेव्हा मेणकागदच होता,” तो म्हणाला,
“तुम्हीच तर काढून टाकला.”
तुम्ही म्हणजे कोण, मी विचारलं नाही.
मीच दिले होते ते भंगारात, वजनावर.

चारशेला टिकला.
आठांतली एक मशीन आता चारशेने चालते,
उरलेल्या सात तशाच, सहाशेने.
आषाढात गोळीला घाम सुटतो, कागद तिला बिलगतो,
तक्रारी येतात, नमन कोष्टकं मांडतो,
ही एक तरी राहील का, सांगता येत नाही.
पण तिच्याजवळ उभं राहिलं
की शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं.

म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.
माझा धंदाच तो.

रविवारी एक गोळी ताईला दिली, कागदातली.
तिने सोडली, गालात ठेवली,
सवयीने डब्यांकडे गेली
आणि थबकली.
“कागद आहे, पण मेण लावलेलं.
ओला की सुका रे?”
बावीस वर्षं मी, अकरा वर्षं ती,
दोघं डब्यांपुढे उभे, शाळेत प्रश्न अडलेल्या पोरांसारखे.
गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी वाजू लागली.
ताईने कागदाची घडी घातली,
पदराच्या टोकाला बांधली.
“उद्या विचारते,” म्हणाली,
“आणि चव जरा कमी गोड ठेवा.”